गिरजाबाईंनी शोधलेला थूप

स्तूप ओळखण्याच्या बाबतीत गिरजाबाई रामटेक्यांचा हात धरील असं माणूस अख्ख्या अमेरिकेत नव्हतं. हे खुद्द गिरजाबाईंनीच जाहीर केलं होतं, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. नागपुरात दीक्षाभूमीपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. तिथला पांढरा घुमट त्यांनी पाया खणला तेव्हापासून पुरा होईपर्यंत येता-जाता तपासलेला.

"इंजिनेराले नकाशा लागते," मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये मुलाच्या सोफ्यावर मांडी घालून त्या सांगायच्या. "मले नाही लागत. वरतं गोल दिसला, खालतं कठडा दिसला, झालं. झोपेतून उठवा न दाखवा, ओळखते."

गिरजाबाईंची शाळा चौथीतच आटोपली होती. पण जीभ अशी, की वस्तीतले वकील त्यांच्याशी बोलायच्या आधी घसा साफ करून घेत. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात त्या मुलाकडे, देवानंदकडे आल्या. देवानंद तिथल्या विद्यापीठात संशोधक. तो पेशींवर काम करायचा आणि त्यासाठी लॅबमध्ये उंदीर पाळलेले होते. "आम्ही उंदरं मारासाठी पिंजरे लावले," गिरजाबाई म्हणायच्या, "आन पोरगा पीएचडी करून त्यायले खाऊ घालते." सून उपासना हॉस्पिटलात फार्मसिस्ट. ती मुंबईची. सासूबाई बोलायला लागल्या की ती हसू दाबायला फ्रिजमध्ये डोकं घालायची.

आता परतीचं विमान जवळ आलं होतं आणि गिरजाबाई उरलेले दिवस बोटांवर मोजत होत्या. कारण नागपूरहून निघताना त्या एक भलतंच बोलून बसल्या होत्या.

झालं असं. वस्तीतल्या विहारात महिला मंडळानं त्यांचा निरोप समारंभ ठेवला. गिरजाबाई मंडळाच्या अध्यक्ष. हार झाले, फोटो झाले, मग सचिव संध्याताई मेश्राम बोलायला उभ्या राहिल्या. संध्याताई निवृत्त शिक्षिका, आणि श्रीलंकेला जाऊन आलेल्या. येऊन तीन वर्षं झाली होती, पण त्या तिथून अजून पुरत्या परतल्या नव्हत्या. बारसं असो नाहीतर नळाच्या पाण्याचा मोर्चा असो, त्यांचं बोलणं फिरून अनुराधपूरच्या स्तूपापाशीच थांबायचं.

"अध्यक्ष अमेरिकेला जाऊन राहिल्या, आनंद आहे," संध्याताई म्हणाल्या. "पण अमेरिकेत दुकानं आहेत. स्तूप नाही."

बायका हसल्या. अध्यक्षांवर हसल्या.

गिरजाबाईंनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. "अमेरिकेतल्या स्तूपात वंदना करूनच येईन," त्या म्हणाल्या. "नाही केली, तं हे अध्यक्षपद तुमचं."

बोलून गेल्या खऱ्या. मग अमेरिकेत आल्यावर काय पाहिलं? धबधबा पाहिला. तळं पाहिलं, तेही समुद्राएवढं. माणसांपेक्षा मोटारी जास्त असलेलं दुकान पाहिलं. देवानंदला स्तूपाचं विचारलं की तो म्हणायचा, "बघू आई." आणि जायचा उंदरांकडे.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी तो त्यांना सफरचंदाच्या बागेत घेऊन गेला. तिथे लोक तिकीट काढून सफरचंदं तोडत होते. "मजुरीही आपणच कराची, पैसेही आपणच द्याचे?" गिरजाबाईंनी विचारलं. "हे नागपुरात सांगितलं तं मले दवाखान्यात नेतील."

परत येताना रस्त्याकडेची झाडं लाल व्हायला लागली होती. त्या लालीमागून एकदम एक गोल वर आला. हिरवागार, गवतानं मढलेला, उपड्या परातीसारखा गोल. खाली दगडाचा उंच गोल कठडा. कठड्याला दरवाजा.

"गाडी थांबव."

"आई, हायवे आहे. इथे नाही थांबता येत."

"नागपुरात गाय आडवी आली तरी थांबते तू."

"इथे कुठे गाय आली?"

"मी आली न. थांबव म्हणते."

देवानंदनं पुढच्या फाट्यावरून गाडी वळवली. मोठं जुनं घर होतं, बाग होती, लोखंडी फाटक होतं. पांढऱ्या मिश्यांचा एक रखवालदार कुलूप लावत होता. तेवढ्यात देवानंदचा फोन वाजला. लॅबमध्ये उंदरांच्या खोलीचा एसी बंद पडला होता. तो गाडीतच बसून फोनवर ओरडत राहिला आणि गिरजाबाई एकट्याच उतरल्या. नंतर जे काही झालं त्याचं मूळ त्या एसीत होतं, असं देवानंद आजही सांगतो.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्तूपाला पालीत 'थूप' म्हणतात. हे पावसाळ्यात, वर्षावासाच्या प्रवचनात, विहारातल्या भन्तेजींनी एकदा सांगितलं होतं. बाकीच्या बायका विसरल्या, गिरजाबाई नाही विसरल्या. मराठी गोऱ्याला कळायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण पाली साऱ्या जगाची, असं त्यांचं मत. त्यांनी घुमटाकडे बोट केलं आणि स्पष्ट विचारलं, "थूप?"

रखवालदाराचा चेहरा उजळला. "टूम," तो मान डोलवत म्हणाला. "येस मॅम. टूम."

गिरजाबाईंना नवल वाटलं नाही. शेजारची बाई उन्हाळाभर त्यांना 'गिजाबे' म्हणत होती. त्या जिभेवर थूपाचं टूम होणारच.

"ओल्ड?"

"टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड इयर्स."

इंग्रजी आकडे गिरजाबाईंना येत. फोनच्या कॉलिंग कार्डातली बाई रोज उरलेली मिनिटं मोजून दाखवायची, तिनंच शिकवले. अडीच हजार वर्षं. त्यांच्या अंगावर काटा आला. अडीच हजार वर्षांपूर्वी जगात कोण होतं, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही विचारा. तथागत होते.

त्यांनी तिथेच, फाटकाबाहेर, पदर सावरून हात जोडले. रखवालदारानं त्यांच्या पांढऱ्या साडीकडे वरपासून खालपर्यंत आदरानं पाहिलं. "नेक्स्ट संडे," तो म्हणाला. "बिग डे. यू कम." मग साडीकडे बोट करून, "धिस. परफेक्ट."

गाडीत बसताना गिरजाबाईंचा चेहरा असा होता, की देवानंदला वाटलं आईला चक्कर आली.

"पांढरे कपडे घालून येजा म्हणते," त्या म्हणाल्या. "गोऱ्यालेही कळते."

"कोणाला? काय?" देवानंदनं विचारलं, आणि फोन पुन्हा वाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाईंनी नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ, रविवारची वंदना आटोपून बायका विहारातच बसलेल्या. फोन संध्याताईंनीच घेतला.

"सापडला," गिरजाबाई म्हणाल्या.

"कोण?"

"स्तूप. अडीच हजार वर्षांचा. आतून पोकळ, आपल्या दीक्षाभूमीसारखा. दरवाजा हाये."

पलीकडे इतकी शांतता झाली, की विहारातल्या पंख्याचा आवाज ॲन आर्बरमध्ये ऐकू आला.

"अनुराधपूरच्या स्तूपात आत जाता येत नाही," शेवटी संध्याताई हळूच म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हे कबूल होणं म्हणजे सूर्य मागे सरकण्यासारखं होतं. मग शिक्षिका जागी झाली. "ठीक आहे. पुढच्या रविवारी तुम्ही वंदना कराल तेव्हा आम्हालाही ऐकवा. फोन लाउडस्पीकरला लावू. सगळी वस्ती ऐकेल."

"ऐका न," गिरजाबाई म्हणाल्या. "मी कोणाले भेते काय?"

त्यानंतर त्यांनी राकेशला फोन केला. राकेश वासनिक देवानंदचा कॉलेजचा मित्र, डेट्रॉइटजवळ आयटीत. याच्या हाती बातमी देणं म्हणजे पतंग वाऱ्याच्या हवाली करणं. दुपारपर्यंत मिशिगनमधल्या सगळ्या आपल्या घरांना ईमेल गेला होता. कोणी फुलं आणणार, कोणी सतरंज्या. खीर उपासनाच्या गळ्यात पडली.

"यार देवानंद," राकेश फोनवर म्हणाला, "आठ वर्षं झाली तुला इथे. आणि स्तूप सापडला कोणाला? मावशींना."

देवानंदला आता कुठे शंका यायला लागली होती. तो कॉम्प्युटरवर बसला. मिशिगनमधला स्तूप शोधला. पुष्कळ शोधला.

"आई, नेटवर तर काहीच नाही."

"नेटवर असता तं लोकायनं आधीच नसता पाहिला? म्हणून तं आपण शोधला."

"पण नक्की स्तूपच आहे न?"

गिरजाबाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं. "मी चौथी, तू पीएचडी," त्या म्हणाल्या. "पण घुमट कोणाच्या दारात होता? तुह्या उंदरायच्या?"

उपासनानं फ्रिज उघडला.

रविवारी सकाळी चार गाड्या त्या फाटकाशी लागल्या. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत, हातात फुलं, मेणबत्त्या, अगरबत्त्या, आणि मागून उपासना खिरीचं पातेलं सांभाळत. सर्वांत पुढे गिरजाबाई. राकेशनं मोबाइल उंच धरला होता. त्यात नागपूर होतं.

फाटक उघडताच गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक ठेंगणी बाई धावत आली. पॅटी तिचं नाव. तिचे डोळे आनंदानं पाणावले होते. "ओह, थँक गॉड, द प्रोसेशन," ती म्हणाली. "यू लुक वंडरफुल. सो ऑथेंटिक."

"काय म्हणते?" गिरजाबाईंनी विचारलं.

"मिरवणूक आली म्हणते," राकेश म्हणाला. "आनंद झाला तिला."

"होणारच."

पॅटीनं फक्त अगरबत्त्या आणि मेणबत्त्या काढून घेतल्या. आत आग चालत नव्हती. बदल्यात तिनं बॅटरीच्या मेणबत्त्या दिल्या. गिरजाबाईंनी एक फुंकून पाहिली. विझली नाही. "अनित्य शिकवाची त्या जागी न विझणारी मेणबत्ती," त्या पुटपुटल्या, पण यजमानांचा मान म्हणून हातात धरली.

बागेत तर डोळे दिपावेत असा थाट होता. वाटेच्या दोन्ही बाजूंनी गोरे बायका-पुरुष रांगेत उभे, हातात कॅमेरे. सगळे गप्प. घुमटापाशी एक दाढीवाला दोन बासऱ्या एकदम तोंडात धरून वाजवत होता. गिरजाबाईंचा ऊर भरून आला. आपल्या गावात मोर्चाशिवाय आपल्याला कोणी वाट करून दिली नाही, आणि इथे हे परके लोक अदबीनं बाजूला सरतात.

"पाहा राकेश," त्या म्हणाल्या. "सांग संध्याताईले. दोन बासऱ्या हायेत म्हणाव."

उजवीकडून प्रदक्षिणा सुरू झाली. मागे चार गाड्यांतली मंडळी, त्यांच्या मागे पॅटी, तिच्या मागे कॅमेरेवाले. पहिल्या फेरीत देवानंदला दाराशेजारची पितळी पाटी दिसली. दुसऱ्या फेरीत त्यानं ती वाचली. तिसऱ्या फेरीत तो पातेल्यातल्या खिरीसारखा पांढरा झालेला होता.

"आई," तो कानाशी लागला, "ऐक जरा, हे..."

"वंदना करताना बोलाचं नाही."

"आई, पाटीवर लिहिलंय..."

"बोलाचं नाही म्हटलं न."

त्यानं राकेशला गाठलं आणि सांगितलं. राकेशनं पाटीकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. फोनमधून नागपूरच्या वस्तीतला लाउडस्पीकर घुमत होता. "आता काय करतो यार," तो कुजबुजला. "अख्खी वस्ती लाइनवर आहे."

इतक्यात पॅटीनं दरवाजा उघडला. आत दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या. मातीच्या ढिगाखाली फोन चालेना, म्हणून राकेश दारातच थांबला. देवानंद मधल्या पायरीवर उभा राहिला. आतून गिरजाबाई सांगतील, देवानंद ते वर ओरडेल आणि राकेश नागपूरला कळवील, असं ठरलं. गिरजाबाई बॅटरीची मेणबत्ती घेऊन वाकून आत गेल्या.

आधी काहीच दिसलं नाही. मग हळूहळू भिंती अंधारातून पुढे आल्या आणि भिंतींवर माणसं निघाली. रंग उडालेली, पण नाचणारी. एकाच्या हातात पेला, एकीच्या हातात हिरवी फांदी, वर पक्षी, खाली पाण्यात सूर मारणारा एक पोरगा. कडेनं दगडाचे पलंग कोरलेले होते आणि त्यांना दगडाच्याच उशा. गिरजाबाईंनी एका उशीवर हात ठेवला. मध्ये खळगा होता. डोकं नीट टेकावं म्हणून कोणी तरी जपून कोरलेला खळगा. असं काम दीक्षाभूमीतही नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी घाईनं ते मनातून पुसलं.

मग त्यांनी मेणबत्ती मध्यभागी वळवली.

तिथे भाजलेल्या मातीचा, विटेच्या रंगाचा एक मोठा पलंग होता. त्यावर एक बाई आणि एक माणूस डाव्या कोपरावर रेलून बसलेले. बाई पुढे, माणूस तिच्या पाठीशी. बाईच्या पायांत टोकदार जोडे, माणूस अनवाणी. दोघंही हसत होती. जेवायला बसल्यावर कोणी ओळखीचं दारात आलं की माणूस जसं हसतं, तसं. आणि त्या माणसाचा उजवा हात बाईच्या खांद्यावर होता.

गिरजाबाईंनी मेणबत्ती आणखी जवळ नेली.

"देवू," शेवटी त्या म्हणाल्या. "हे तथागत नाहीत. तथागत एकटे असतात."

"नाही, आई."

"मग कोण हायेत?"

"नवरा-बायको आहेत. इटलीतले जुने लोक, एट्रस्कन म्हणतात त्यांना. ही त्यांची अस्थींची पेटी. इथला मालक संगमरवराचा व्यापारी होता, त्यानं आपल्या गावाकडून दगड दगड सोडवून हे सगळं जहाजातून आणलं." देवानंद एक पायरी खाली आला. "टूम म्हणजे थडगं, आई."

"थडगं?"

"हो."

"तुले कधी समजलं?"

"प्रदक्षिणा घालताना. दोनदा सांगायला आलो. तू बोलू दिलं नाही."

वरून राकेशचा आवाज आला. "मावशी, नागपूरवाले विचारून राहिले, काय दिसते?"

गिरजाबाईंच्या डोळ्यांपुढे विहारातलं टेबल आलं, त्यामागची अध्यक्षांची खुर्ची आली, आणि त्या खुर्चीत पदर सारखा करून बसणाऱ्या संध्याताई आल्या. पण खोटं बोलायला त्यांची जीभ वळत नसे. ती जीभ खरं बोलूनच एवढी धारदार झालेली.

"सांग," त्या म्हणाल्या. "थडगं हाये म्हणाव."

"राकेश," देवानंदनं वर ओरडून सांगितलं, "आई म्हणते थडगं आहे."

राकेशनं घसा खाकरला. मग राकेश फोनमध्ये मोठ्यानं म्हणाला, "मावशी म्हणतात, वर्णन करायला शब्द नाहीत. फार पवित्र वास्तू आहे."

फोनमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. तो पायऱ्या उतरून खालपर्यंत आला.

म्हणजे झालं. काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहिलं की अध्यक्षपद शाबूत, आणि संध्याताई जन्मभर चूप. गिरजाबाई गप्प राहिल्याही. पण त्यांची नजर त्या मातीच्या माणसाच्या हातावर होती.

देवानंदचे बाबा मिलमध्ये मागावर होते. रस्त्यानं चालताना कायम चार पावलं पुढे. गिरजाबाई मागे पडल्या की ते कोपऱ्यावर थांबत, पाठ फिरवून चपलेचा अंगठा उगाच नीट करत बसत, आणि त्या जवळ आल्या की पुन्हा पुढे चालू लागत. लग्नानंतर स्टुडिओत फोटो काढायला गेले तेव्हा फोटोवाला म्हणाला, हात बाईंच्या खांद्यावर ठेवा. यांनी खुर्चीवर ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात चार माणसांत तो हात कधी खुर्चीवरून खांद्यावर आला नाही. माणूस वाईट नव्हता. लाजत होता.

आणि हा मातीचा माणूस अडीच हजार वर्षं हात खांद्यावर ठेवून बसला होता. राजे गेले, गावं गेली, जहाजात बसून समुद्र ओलांडला, तरी हात काढला नाही. बाईही संकोचली नव्हती. तिकडे तथागत हयात होते तेव्हा इकडे ही दोघं अशी एका पलंगावर जेवायला बसत होती, आणि हे कोणी आपल्याला सांगितलंच नाही.

हे संध्याताईला 'शब्द नाहीत' म्हणून सांगायचं? शब्द नाहीत कसे?

गिरजाबाई तरातरा पायऱ्या चढून वर आल्या. "राकेश, फोन दे."

"मावशी, मी सांभाळलं न सगळं."

"दे म्हणते. आन मी बोलली ते बोलत जाय, तुह्या मनचं नको." त्यांनी फोन कानाला लावला. "संध्याताई, स्तूप नाही. थडगं निघालं."

फोनमधून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

"काय निघालं?" संध्याताईंनी विचारलं.

"थडगं. चूक माही. आता ऐका." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. नाचणारी माणसं सांगितली, सूर मारणारा पोरगा सांगितला, दगडाची उशी आणि तिच्यातला खळगा सांगितला. मग पलंग सांगितला. "नवरा-बायको हायेत. एका पलंगावर, टेकून बसून. जेवाले. त्याचा हात तिच्या खांद्यावर हाये."

"साऱ्यांसमोर?" मागून कुठली तरी बाई ओरडली.

"साऱ्यांसमोर."

"हसून राहिले काय?"

"दोघंही."

"ती भेत नाही काय त्याले?"

"तिच्या तोंडावर भेव नाही. अडीच हजार वर्षांत आलं नाही."

पलीकडे कुजबुज वाढत गेली. इकडे पॅटी आणि तिच्या मागची सगळी कॅमेरेवाली मंडळी श्वास रोखून गिरजाबाईंकडे पाहत होती. त्यांना वाटलं, हा विलाप आहे.

"मग वंदना?" संध्याताईंनी विचारलं.

गिरजाबाईंनी एकदा घुमटाकडे पाहिलं. "स्तूपातही अस्थीच असतात," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसायपुढे त्रिसरण म्हटलं तं काय बिघडते? म्हणा."

फोन दारात राहिला आणि बाकी सगळे खाली उतरले. त्या दगडी खोलीत आवाज असा घुमला, की भिंतीवरची माणसंही म्हणताहेत असं वाटावं. पंचशील संपलं तेव्हा पॅटी रडत होती. एक उंच प्राध्यापक देवानंदजवळ आले आणि थरथरत्या आवाजात विचारू लागले, की एट्रस्कन भाषेचे हे उच्चार तुम्ही कोणाच्या पद्धतीनं बसवलेत.

"सर, ती पाली आहे," देवानंद म्हणाला.

"पाली," प्राध्यापक पुटपुटले. "आय मस्ट रीड हिम."

बाहेर आले तर फाटकाशी गोंधळ. एका मोठ्या व्हॅनमधून चादरी गुंडाळलेले दहा-बारा अमेरिकन उतरत होते. एट्रस्कन अंत्ययात्रेचा देखावा करायला बोलावलेली, वाट चुकलेली खरी मिरवणूक. त्यांच्या पुढाऱ्यानं पॅटीला विचारलं, ही माणसं कोण? पॅटीनं देवानंदकडे पाहिलं. देवानंदनं राकेशकडे पाहिलं. राकेशनं उपासनाकडे पाहिलं. उपासनाला तोंड खुपसायला फ्रिज नव्हता, म्हणून तिनं पातेल्याचं झाकण काढलं आणि खीर वाढायला घेतली.

मग कोणी काही विचारलं नाही. चादरीवाले, कॅमेरेवाले, बासरीवाला आणि पांढऱ्या मिश्यांचा रखवालदार, सगळे सतरंज्यांवर बसून खीर खात होते. पॅटी म्हणाली, पुढच्या वर्षीही याल ना? गिरजाबाईंनी तिची पाठ थोपटली. खिरीची वाटी घेऊन त्या पुन्हा एकदा खाली जाऊन आल्या, पण कशाला गेल्या ते कोणाला सांगितलं नाही.

आठवड्यानं गिरजाबाई नागपूरला पोहोचल्या. विमानात त्यांनी राजीनाम्याचं भाषण मनात तयार केलं होतं. त्याच संध्याकाळी त्या विहारात गेल्या. मंडळ गच्च भरलेलं. नेहमी न येणाऱ्या बायकाही आलेल्या. गिरजाबाई टेबलाशी उभ्या राहिल्या.

"मी शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "स्तूपात वंदना केली नाही, तं अध्यक्षपद..."

"ते राहू द्या," संध्याताई मध्येच म्हणाल्या. त्या सगळ्यांत पुढे बसल्या होत्या. "इथं काय झालं, तुम्हाला माहीत नाही. त्या दिवशीपासून घरोघरी भांडणं आहेत. बायका नवऱ्यांना म्हणतात, जवळ बसून जेवा. आमचे हे तर ताट घेऊन अंगणात पळतात."

मागून हशा पिकला. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पलंग केवढा होता? बाईच्या डोक्यावर पदर होता? केस कसे बांधले होते? गिरजाबाईंनी एकेका प्रश्नाचा समाचार घेतला. टोपी होती, केसांच्या लांब वेण्या खांद्यावर आलेल्या, जोडे टोकदार. सहा महिन्यांनी पुन्हा अध्यक्षांसारखं वाटायला लागलं.

"आणि कानात?" संध्याताईंनी विचारलं. "कानात काय होतं तिच्या?"

सगळ्या बायका पुढे सरकल्या. हाच प्रश्न सगळ्यांच्या मनात होता, हे दिसत होतं.

गिरजाबाईंनी आपल्याच कानाला हात लावून पाहिला.

"कान नाही पाहिले," त्या म्हणाल्या.

"दोनदा खाली गेल्या, आणि कान नाही पाहिले?"

"मी त्याचा हातच पाहत राहिली न."

संध्याताईंनी बाकीच्या बायकांकडे पाहिलं. बायकांनी माना हलवल्या.

"स्तूपाचं थडगं निघालं ते चालते, गिरजाबाई," संध्याताई म्हणाल्या. "पण कान नाही पाहिले? तं मग राजीनामा द्याच."